टोकावरचा हात

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, दवाखान्यातले एप्रन, कुणाच्या पडद्यांना दुमड. दिवसभर पाय मशीनच्या पेडलवर आणि डोळा सुईवर. अशा माणसाला भुतं बघायला फुरसत कुठली? तरी जे झालं ते झालं. आणि मी ते कुणाला बोलले नाही, कारण आमच्या क्लबात एकाला सांगितलं की चहा निवायच्या आत सगळ्यांना कळतं.

क्लब म्हणजे फार काही नाही. वस्ती संपते तिथे एक लांबच लांब मोकळं मैदान, कडेला पत्र्याची शेड, आणि रविवारी सकाळी रिमोटवरची विमानं उडवायला येणारी मोठमोठी माणसं, ज्यांच्या बायकांना वाटतं नवऱ्याला वेड लागलंय. माझा नवरा त्यातलाच. पण आमची विमानं बिनइंजिनाची. ग्लायडर. त्यांना वर ओढून न्यावं लागतं, आणि ते काम विंचचं.

विंच आमच्या ह्यांनीच बनवलेला. हे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. भंगारातल्या गाडीचा स्टार्टर काढला, त्याला लोखंडी ड्रम बसवला, शेजारी बॅटरी ठेवली आणि पायाशी एक पेडल जोडलं. ड्रमवरची दोरी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाते, तिथे जमिनीत ठोकलेल्या कप्पीला वळसा घालून परत इकडे येते. तिच्या शेवटी एक कडी. ती ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवायची, ग्लायडर डोक्यावर धरून उभं राहायचं, आणि पेडल दाबलं की ड्रम दोरी गिळायला लागतो. ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. माथ्यावर पोचलं की कडी सुटते, दोरी छोट्या छत्रीला लटकत खाली येते आणि ग्लायडर मोकळं. ती छत्री मी शिवते. लाल, रेनकोटच्या कापडाची.

आता पेडल म्हणजे घंटीचं बटण नव्हे. सलग दाबून ठेवलं तर दोरी तुटते, नाहीतर पंख. टप, टप, टप असं तोडून तोडून दाबावं लागतं. वाऱ्याचा झोत आला की सोडायचं, ग्लायडर सुस्तावलं की पुन्हा. आमच्या ह्यांना ते जन्मात जमलं नाही. पाय पडला की पडला. लेकीचं पहिलंवहिलं ग्लायडर ह्यांनीच हवेत मोडलं, दोन पंख दोन दिशांना. पोरगी मैदानात फतकल मारून रडत बसली. मी म्हटलं, "उठा तिथून. तुमच्या पायाला अक्कल नाही." आणि मी बसले. पहिल्याच फटक्यात ग्लायडर सुरळीत वर. रेशीम आणि जीन यातला फरक ज्या पायाला कळतो त्याला दोरीचा ताण कळायला कितीसा वेळ लागतो? त्या दिवसापासून पेडल माझं, आणि ह्यांची रवानगी दुसऱ्या टोकाला.

तिथेही काम होतंच. मैदान भरावाचं, माती भुसभुशीत. एकदा कप्पीचा खुंटा उपटून निघाला आणि दोरीसकट आमच्याकडे असा काही सुसाटत आला की शेडच्या पत्र्याला भोक पडलं. तेव्हापासून हे खुंट्यावर पाय देऊन उभे राहायचे. आडवी सायकल येतेय का, कुत्रं आहे का, कुणी फिरायला निघालंय का, सगळं बघायचे आणि मग हात वर करायचे. हात वर म्हणजे मोकळं आहे, दाब. हात दिसल्याशिवाय पाय नाही, हा आमचा नियम.

आमचा संसार टिकला तो त्या मैदानामुळेच, असं मी सगळ्यांना सांगायचे. मी काही बोलले तर ह्यांना ऐकू जायचं नाही, आणि ह्यांना उत्तर द्यावं लागायचं नाही. लोक हसायचे. हेही हसायचे, ऐकू येत नसलं तरी.

मग हे गेले.

क्लबाच्या सेक्रेटरीने लगेच त्या टोकाला सिमेंटचा चौथरा ओतला आणि कप्पी त्यात बोल्टने आवळली. ह्या सेक्रेटरीला सगळे सेफ्टी म्हणतात, कारण तो चहा पितानाही सेफ्टीचं बोलतो. माणूस वाईट नाही. मला म्हणाला, "मावशी, आता त्या टोकाला कुणी उभं राहायची गरज नाही. मी दुर्बिणीतून बघून क्लिअर म्हणतो, तुम्ही दाबा." त्याचं बरोबरच होतं. हे गेल्यावर त्या टोकाला उभं तरी कोण राहणार होतं?

पहिल्या रविवारी मी बसले. स्टूल तेच, पेडल तेच. सेफ्टीने दुर्बीण लावली आणि म्हणाला, "क्लिअर." माझा पाय हलेना. इतक्या वर्षांची सवय, मान आपोआप त्या टोकाकडे वळली.

आणि हे उभे होते.

चौकटीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, एक पाय चौथऱ्यावर. नीट बघून घेतलं त्यांनी, डावीकडे, उजवीकडे, आणि हात वर केला. मी दाबलं. ग्लायडर वर गेलं, सगळ्यांनी मान वर केली, आणि मी मात्र माझ्या हाताकडे बघत होते. माझ्या हातात ड्रम पुसायचं फडकं होतं. चौकटीचं. तो शर्ट मी स्वतः कापला होता, कातरीने, फडक्यांसाठी, कारण घड्या घालून ठेवून त्याकडे बघत बसणं माझ्याने होईना. शर्ट तिथे आणि त्याचा तुकडा माझ्या मुठीत.

घाबरले का? हो, घाबरले. घरी येऊन गार पाण्याने तोंड धुतलं, मशीनवर बसले आणि एका पोराच्या गणवेशाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. पण पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी मैदानावर होते. लाज कसली त्यात? माझा माणूस होता. आठवडाभर वाट बघायची, आणि रविवारी लांबून का होईना, दिसायचा. जिवंत असताना तरी ह्याहून जवळ कुठे असायचे रविवारी? सेफ्टी क्लिअर म्हणायचा, मी थोडं थांबायचे, हात वर व्हायचा, मी दाबायचे. सेफ्टीला वाटायचं मावशीचं वय झालं. वाटू दे.

कुणाला बोलले असते तर पहिली गोष्ट काय झाली असती? पेडल गेलं असतं. भुताचा हात बघून विंच चालवणाऱ्या बाईला कोण बसू देईल? मग मी गप्प बसले, आणि गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे ओळखणारे ओळखतात.

आता लेकीचं सांगते, कारण खरी भानगड तिथे झाली. तिला आम्ही ठमी म्हणतो. ठमी प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिला परदेशात नोकरी लागली, तीही अशी की तिकडेच राहायचं. घरात हे नाहीत, आणि आता हीही जाणार. मी तोंडाने म्हटलं, "जा की. कुणी बांधून ठेवलंय?" आणि तिच्या बॅगेत घालायचे कपडे असे आपटले की तिला कळायचं ते कळलं.

तिचा एकच हट्ट होता. ह्यांनी तिच्यासाठी एक मोठं ग्लायडर करायला घेतलं होतं. माझ्या शिवणाच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलावर. किती भांडले असेन मी त्यावरून! गणवेशाच्या पांढऱ्या कापडावर बाल्सा लाकडाचा भुसा, कातरीला डिंक, आणि भिंतीवर माझ्या उंचीपेक्षा लांब पंख टांगलेले. ते अर्धवट टाकूनच हे गेले. ठमीने ते पुरं केलं. माझ्याच इस्त्रीने पंखांवर प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवला, तोही नारिंगी, ह्यांना आवडायचा तसा. ते तिला बरोबर नेता येणार नव्हतं, एवढं लांब विमानात घेतच नाहीत. तिचं म्हणणं एवढंच, जायच्या आधी एकदा उडवायचं. बाबांचं विमान एकदा वर गेलेलं बघायचं आणि मग जायचं.

पहिल्या रविवारी तिने ते डोक्यावर धरलं, कडी अडकवली आणि म्हणाली, "आई, दे ताण." मी त्या टोकाकडे बघितलं. हे उभे होते. पण हात खाली.

मी थांबले. हात खालीच. सेफ्टी म्हणाला, "क्लिअर आहे मावशी." हे नुसते बघत उभे. मी पाय काढला आणि म्हटलं, "वारा फिरलाय. आज नको." वारा कुठे फिरला होता? शेडवरचं निशाण सरळ होतं. पण मी म्हटलं म्हणजे म्हटलं. त्यानंतर दुसऱ्या कुणाचं ग्लायडर आलं तर ह्यांनी लगेच हात वर केला, जसं काही झालंच नाही.

दुसऱ्या रविवारी तेच. बाकी सगळ्यांना हात, ठमीला नाही. मी म्हटलं, दोरी विरलीय. सेफ्टीने दोरी बघितली, नवीकोरी, त्यानेच आणलेली. आणि ती पुन्हा ड्रमवर गुंडाळली. ठमी मात्र बोलली. घरी येऊन, बॅगांच्या मधोमध उभी राहून, अगदी शांतपणे. "आई, मी जायला नकोय तुला. सरळ सांग ना. विमानावर कशाला काढतेस?"

"मी काय काढलं?"

"तू दाबत नाहीयेस. सगळ्यांचं दाबतेस, माझं दाबत नाहीस. सगळ्यांनी बघितलं."

मी काय सांगणार होते? तुझ्या बापाला तू जायला नकोयस, तोच हात वर करत नाही? तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. म्हटलं, "पुढच्या रविवारी बघू."

"पुढचा रविवार शेवटचा आहे," ती म्हणाली. "मंगळवारी मी जातेय. आणि त्या दिवशीही तू असंच केलंस ना, तर मी तिकडून फोनसुद्धा करणार नाही, सांगून ठेवते." ठमी माझीच लेक. जे म्हणते ते करते.

तो आठवडा वाईट गेला. खोलीत एकटी मशीन चालवत बसले की भिंतीवरच्या पंखाची सावली टेबलावर हलल्यासारखी वाटायची, खिडकी बंद असूनही. डिंकाचा वास यायचा, डिंकाची बाटली कधीच फेकून दिली होती तरी. मी मशीन थांबवून भिंतीशी भांडले. खरंच भांडले. "अहो, तुमचं काय चाललंय? पोरगी हातची घालवायचीय का मला? तुम्ही गेलात ते गेलात, आता तिच्याशी माझं तोडून देणार?" भिंत काय बोलणार? जिवंत माणूसच बोलायचा नाही.

रविवार उजाडला. स्वच्छ ऊन, वारा मैदानाच्या बरोबर लांबीतून, गवतावर दव. असा दिवस ग्लायडरवाल्यांना वर्षातून क्वचित मिळतो. ठमीला निरोप द्यायला सगळे लवकर आले होते, कुणी थर्मास आणला होता, कुणी बिस्किटं. ठमीने नारिंगी पंख जोडले, रिमोट गळ्यात अडकवला, त्यावरच्या काड्या हलवून शेपूट तपासली. मग कडी अडकवून उभी राहिली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी स्टुलावर बसले. पाय पेडलच्या वर. त्या टोकाला बघितलं. हे उभे होते, चौकटीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. हात खाली.

"क्लिअर," सेफ्टी म्हणाला.

मी वाट बघितली. सगळे वाट बघत होते. कुणीतरी खोकलं. ठमीचा वर धरलेला हात भरून आला असणार, तिने दुसऱ्या हाताचा आधार दिला होता. मी मनात म्हटलं, अहो, करा ना. एकदा करा. पाया पडते. हे तसेच. दुरून चेहरा दिसत नाही, पण मान माझ्याकडे होती, पोरीकडे नाही.

ठमीने ग्लायडर खाली घेतलं. डोळ्यांत पाणी आणि आवाजात काही नाही. "ऊठ आई. दुसरं कुणी बसेल."

मी उठले. पण मला ह्यांचा असा राग आला म्हणून सांगू! सेफ्टीला म्हटलं, "बस इथे. मी त्या टोकाला जाते. मी हात वर केल्याशिवाय पेडलला पाय लावलास तर तुझी सेफ्टी मी बघते."

"मावशी, तिथे कशाला? चौथरा पक्का—"

"बस म्हटलं ना!"

आणि मी निघाले. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत मी त्या टोकाला एकदाही गेले नव्हते. काय काम होतं? ते त्यांचं टोक, हे माझं. साडीचा काठ दवाने भिजला, चपलेत कुसळं गेली, आणि मी अखंड बोलत चालले. "वा रे वा! जिवंतपणी पोरीला कधी नाही म्हटलं नाही. वाईटपणा सगळा माझ्याकडे. अभ्यासाला बस म्हणायची मी, विमानं आणून द्यायचे तुम्ही. आता मेल्यावर कडक झालात होय? आणि तोही वाईटपणा माझ्याच नावावर! तिला वाटतंय आईच अडवतेय. या, सांगा तिला तुम्ही. या की!" खाचखळगे होते म्हणून खाली बघून चालत होते. चौथऱ्याशी पोचले, मान वर केली, तर कुणी नाही.

सिमेंटचा चौथरा, गंजायला लागलेले बोल्ट, कप्पी, तिच्यातून वळलेली दोरी. बाकी मैदान रिकामं. फक्त चौथऱ्याच्या बाजूला गवत उगवलेलं नव्हतं. दोन पावलं मावतील एवढी जागा, बसस्टॉपखाली असते तशी टणक आणि गुळगुळीत. सिमेंट ओतल्यापासून तिथे कुणी उभं राहिलेलं नव्हतं. आणि सगळीकडे गवत पोटरीपर्यंत आलं होतं.

मी त्या जागेवर उभी राहिले. राहिले म्हणजे पाय आपोआप तिथे गेले. आणि वळून आमच्या टोकाकडे बघितलं.

तेव्हा कळलं, हे काय बघायचे. इथून ग्लायडर नीट दिसत नाही, ऊन डोळ्यांवर येतं. माणसं म्हणजे नुसते ठिपके, कोण कुठलं कळत नाही. कळतं ते एकच, कारण ते दोरीच्या अगदी समोर येतं. स्टूल. आणि स्टुलावर बसलेलं माणूस. आयुष्यभर रविवारी ह्यांनी बघितलं ते मला. मी समजत होते, मला टाळायला गेलेत लांब.

आणि आता त्या स्टुलावर सेफ्टी नव्हता. सेफ्टी जाडा आहे, लाल टोपी घालतो. स्टुलावर चौकटीचा शर्ट होता. बाह्या दुमडलेल्या. पुढे वाकून, मान ताणून, एक पाय पेडलवर ठेवून माझ्याकडे बघत बसलेले. मी बसते ना, अगदी तसे. हाताची वाट बघत.

मला हसू आलं आणि हुंदकाही. अहो, एवढंच होतं होय? पोरीला अडवत नव्हतात तुम्ही. तुम्हाला तिला स्वतः सोडायचं होतं. तिचं पहिलं ग्लायडर तुमच्या पायाने मोडलं, मी तुम्हाला उठवलं ते उठवलं, पुन्हा कधी बसूच दिलं नाही. तोंडाने एकदाही मागितलं नाहीत. आणि मी तरी कुठे विचारलं?

तर मग मला एवढंच करायचं होतं. हात वर.

आणि हात होईना.

आता हे ऐका, कारण हीच खरी गोष्ट आहे, भुताची नाही. माझा स्वतःचा हात, दिवसभर जाड कापडाचे तागे उचलणारा, तो वर होईना. समोर ठमी नारिंगी पंख डोक्यावर घेऊन उभी. मी हात वर केला की ते वर जाणार, आणि ते वर गेलं की तिचं इथलं सगळं संपलं. मंगळवार. दार. रिकामी खोली. हात वर केला नाही तर? तर ती रागावेल, पण आणखी एक रविवार… कुठला आणखी रविवार? मी काय विचार करत होते ते मला माझंच ऐकू आलं. ह्यांनी ठमीसाठी पहिल्यांदा हात वर केला नाही तेव्हा मला आतून किती बरं वाटलं होतं! वारा फिरलाय म्हटलं मी, ते किती चटकन. दोरी विरलीय म्हटलं मी, ते किती खुशीत.

"मला ती जायला नकोय," मी म्हटलं. मोठ्याने, त्या रिकाम्या मैदानात. "मला ती जायला नकोय हो. मी एकटी काय करू त्या घरात?"

ते वाट बघत बसले होते. ती वाट बघत उभी होती.

मी हात वर केला.

दोरी झाली ना ताठ! कप्पी करकरली, माझ्या पायाशी दोरी सुईसारखी सणसणत पळायला लागली आणि त्या टोकाला नारिंगी पंख जमिनीवरून उसळले. पण काय तो पाय! धप्प. सलग. तोडणं नाही, सोडणं नाही. पंख धनुष्यासारखे वाकले. मी तिथून किंचाळले, "अहो, हळू! सोडा! मोडाल परत! टप टप करा हो, टप टप!" इतक्या लांबून ऐकू जाणार नव्हतंच, कधीच गेलं नव्हतं. पण दोरी सैलावली. मग पुन्हा ताण. सैल. ताण. अडखळत, नवशिक्या मशीन शिकतो तसं, एक टाका लांब, एक आखूड. पण तोडून तोडून. पंख सरळ झाले, ग्लायडर चढत चढत माथ्यावर गेलं, नाक खाली करून एक झेप घेतली आणि कडी सुटली. लाल छत्री उघडली. नारिंगी पंख उन्हात एकटे वळले, आवाज न करता.

मी वर बघत राहिले. खाली बघितलं तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि लाल टोपी बॅटरीपाशी वाकली होती.

परत आले तर सेफ्टी पांढराफटक. "मावशी, देवाशपथ, मी पेडलला पाय लावलाच नाही. बॅटरीची क्लिप सैल वाटली म्हणून उठलो होतो, तर तुम्ही हात वर केलात आणि हा आपोआप सुरू झाला. सोलेनॉइड चिकटलं असणार. क्लिप ओढून काढणार तेवढ्यात आपणहून थांबला. उद्याच बदलतो."

"बदल," मी म्हटलं. सोलेनॉइड म्हणजे पेडलचा हुकूम मोटारीला पोचवणारा डबा, तो कधी कधी खरंच चिकटतो. पण चिकटलेला डबा टप टप करत नाही. ते मी त्याला सांगितलं नाही, त्याला रात्री झोप लागायला हवी ना.

ठमीची नजर वर होती, अंगठे रिमोटवर. बराच वेळ उडवलं तिने, मग माझ्या पायापाशी अलगद आणून उतरवलं. मी म्हटलं, "ठमे, मीच अडवत होते गं. मला तू जायला नकोयस. खोटं बोलले मी, वारा नि दोरी."

"माहितीये," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की माझं पोलकं भिजलं. मग नाक पुसत म्हणाली, "आई, पण तो ताण कसला होता गं? धसमुसळा. मला वाटलं मोडतंय आता. बाबा दाबायचे ना, तसा."

"सोलेनॉइड चिकटलं होतं," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग वाकून नारिंगी पंख सोडवायला लागली.

मंगळवारी ती गेली. मी कपडे नीट घड्या घालून दिले, आपटले नाहीत. पोचल्याचा फोनही आला.

रविवारी मी मैदानावर गेले. सेफ्टीने सोलेनॉइड बदललं होतं. कुणाचं तरी पांढरं ग्लायडर होतं, तो डोक्यावर धरून उभा राहिला. सेफ्टीने दुर्बीण लावली. "क्लिअर."

मी त्या टोकाला बघितलं. चौथरा होता, कप्पी होती. बाकी काही नाही. डोळे बारीक केले, चष्मा पुसून पुन्हा लावला. नुसतं गवत, वाऱ्याने एका बाजूला कललेलं.

कुठे गेले ते कळायला मला अक्कल लागत नव्हती. लेकीबरोबर गेले. तिला सोडलं आणि तसेच तिच्या पाठोपाठ निघाले, मला हात नाही, मान नाही. हे वारले त्या थंडीतही असंच. मी स्वयंपाकघरातून बोलत होते, भुसा आवरा, किती पसारा, आणि हे टेबलाशी खुर्चीत गेलेले होते, पंख हातात. दोन्ही वेळेला न सांगता. माझा जळफळाट झाला. मग खरं सांगते, बरंही वाटलं. परक्या गावात पोरगी एकटी नाही. आणि त्यानंतर जे वाटलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. मैदान फार मोठं वाटलं, एवढंच.

ग्लायडरवाला उभा होता. सेफ्टी घाई करत नव्हता. इतक्या दिवसांत त्यालाही सवय झाली होती मी थांबायची. त्याने दुर्बीण खाली घेतली आणि हळूच विचारलं, "थांबूया का अजून थोडं, मावशी?"

"कुणासाठी?" मी म्हटलं, आणि पाय दाबला.